दोन्ही हातांचं माप

त्या गल्लीत मास्तर म्हटलं की शाळेतला मास्तर कुणाच्या डोळ्यांसमोर येत नसे. यायची ती कोपऱ्यावरच्या कोटांच्या दुकानातली बाई. कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, कापड ती कापते, म्हणून ती मास्तर. एवढा सरळ हिशोब. तरी नवं गिऱ्हाईक दुकानात शिरलं की शिलाई मशीनवर वाकलेल्या तिच्या नवऱ्याकडे बघून म्हणायचं, "मास्तर, एक कोट शिवायचा होता." नवरा मान वर न करता अंगठा टेबलाच्या दिशेने करायचा. तिथे गळ्यात टेप अडकवून आणि ओठांत टाचण्या धरून उभी असलेली बाई विचारायची, "कशासाठी? लग्नाला, नोकरीला, की थंडीला?" तोंडात टाचण्या ठेवून इतकं खणखणीत बोलणारं माणूस त्या गल्लीत दुसरं नव्हतं.

दुकान खाली, घर वर, मध्ये एक अरुंद लाकडी जिना. दुकानात नवरा तिला "अहो मास्तर" म्हणायचा आणि जिना चढून वर गेलं की "अगं" म्हणायचा. ती मात्र खाली काय नि वर काय, त्याला "अहो" म्हणूनच हुकूम सोडायची. हुकूम ती सोडणार आणि तो पाळणार, यात दोघांनाही काही वावगं वाटत नव्हतं. ती एक घाव दोन तुकडे करणारी, तो तुकडे जोडणारा. संसार आणि धंदा दोन्ही याच वाटणीवर चालले होते, आणि बरे चालले होते.

दुकानात तिचे दोनच नियम होते, पण ते मोडायची कुणाची टाप नव्हती. पहिला म्हणजे तिच्या कात्रीला हात लावायचा नाही. ती कात्री तिच्या वडिलांची. काळ्या मुठीची, वजनदार, उचलली की मनगट खाली ओढणारी. एकदा नवऱ्याने त्या कात्रीने पुठ्ठा कापला, तर मास्तर दोन दिवस त्याच्याशी मशीनच्या तेलापुरतंच बोलली. दुसरा नियम बाहीचा. बाही कापायची तर दोन्ही हातांचं माप घ्यायचं. गिऱ्हाईक एक हात पुढे करून खिशात मोबाइल चाचपू लागलं की ती म्हणायची, "दुसरा हात द्या. एका हाताच्या मापावर मी बाही कापत नाही." कुणाचेच दोन हात सारखे नसतात, हे तिचं ठाम मत. ओझी उचलणाऱ्याचा एक खांदा खाली असतो, कडेवर पोर वागवलेल्या आईचा दुसरा, आणि दिवसभर कोपर टेबलावर टेकून बसणाऱ्या साहेबाचा तर हातच कसा राहिलाय हे माप घेतल्याशिवाय कळत नाही.

नवऱ्याने तिच्या कटिंगला कधी नाव ठेवलं नाही. ठेवायला फारशी जागा नसायचीच. पण एका वर्षी एका नवरदेवाची कॉलर तिने अंमळ आखूड कापली होती. नवऱ्याने तोंडातून ब्र काढला नाही. उरल्या तुकड्यातून पट्टी काढून त्याने ती अशी बेमालूम जोडली की नवरदेव काय, फोटोग्राफरलाही कळलं नाही. मास्तरला कळलं होतं. तिनेही काही विचारलं नाही. तिच्या चुका तो असा आतल्या बाजूने शिवून टाकायचा, आणि हळूहळू ती धरूनच चालू लागली होती की आपल्या चुका होतच नाहीत.

समोर औषधाचं दुकान होतं नणंदेचं. ती वयाने मास्तरहून धाकटी, पण मास्तर तिला चेष्टेने "वन्सं" म्हणायची. दर सोमवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असताना नणंद रक्तदाबाचं यंत्र काखोटीला मारून रस्ता ओलांडायची. भावाचा दाब बघायची, वहिनीचा बघायची, घोटभर चहा प्यायची, गल्लीतल्या भानगडी सांगायची आणि परत जायची. भाऊ दोन्ही हात मांडीवर ठेवून आज्ञाधारकपणे बसायचा. वहिनी कसली बसते! उजव्या हातात कात्री, समोर आखलेलं कापड, आणि आखल्यावर थांबायचं नाही हा बाणा. "हा घ्या," म्हणून ती डावा हात बाजूला पसरायची आणि उजव्याने कापत राहायची.

त्या डाव्या हाताचा आकडा कधी शंभराला शिवला नाही. कधी कधी तर यंत्र आकडाच दाखवायचं नाही, नुसतं चूक झाल्याचं चिन्ह दाखवून फुस्स करायचं. नणंदेने सेल बदलले. मग यंत्र बदललं. मास्तर म्हणाली, "वन्सं, तुमच्या यंत्रालाही माझी भीती वाटते." तिघंही हसले. मग नणंदेने सल्ला दिला की दाब कमी आहे, मिठाचं पाणी पीत जा. मास्तरने सल्ला मनावर घेतला. टेबलाखाली मिठाच्या पाण्याची बाटली आली. घेरी आली की दोन घोट, थकवा आला की दोन घोट.

आणि घेरी येत होती. थकवाही येत होता. वय चाळिशीच्या आतलं, आणि जिना चढताना मध्येच पायरीवर बसावं लागत होतं. संध्याकाळी अंगात बारीक कसर असायची. डाव्या हाताने कापड ताणून धरलं की हात भरून यायचा, मग तो झटकून ती पुन्हा धरायची. नवरा एकदा वर, घरात, म्हणाला होता, "अगं, तुझा डावा हात उजव्यापेक्षा गार लागतो."

"अस्तराचं कापड धरून बसते दिवसभर. गार पडणार नाही तर काय शेकोटी पेटणार?"

तो गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचा हातखंडा होता.

अशात एक डॉक्टरीणबाई थंडीच्या कोटाचं कापड घेऊन दुकानात आल्या. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हृदयाच्या डॉक्टर. आधी एक कोट इथूनच शिवलेला, तो आवडला म्हणून पुन्हा आलेल्या. करड्या रंगाचं, हाताला ऊबदार लागणारं सुंदर कापड होतं. मास्तरने ते बोटांत चुरगाळून सोडलं, सुरकुती कशी मोडते ते पाहिलं आणि खूश झाली. खांदा घेतला, छाती घेतली, उजव्या हाताचं माप घेतलं. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत बॅग उचलू लागल्या.

"दुसरा हात द्या डॉक्टर. एका हाताच्या मापावर मी बाही कापत नाही."

"मागच्या वेळी घेतलं होतं की."

"मागच्या वेळचा हात मागच्या वेळी. आत्ता कसा आहे ते बघू."

डॉक्टरीणबाई हसून वळल्या. मास्तर माप घ्यायला वाकली, आणि वर उठताना दुकानाच्या भिंती तिच्याभोवती फिरल्या. तिने टेबलाची कड धरली, ती निसटली. नवरा मशीनवरून उठेपर्यंत डॉक्टरीणबाईंनी तिला खांद्याला धरून स्टुलावर बसवलंही होतं. त्यांनी तिचं डावं मनगट हातात घेतलं. बोटं सरकवली. पुन्हा सरकवली. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"काही नाही हो," मास्तर धापा टाकत म्हणाली. "लो बीपी आहे. ती बाटली द्या तेवढी."

"दुसरा हात द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तरने उजवा हात दिला. त्या मनगटात नाडी अशी आपटत होती की डॉक्टरीणबाईंची बोटं हलताना नवऱ्याला दिसली. त्यांनी नणंदेला यंत्र घेऊन बोलावलं आणि पट्टा उजव्या दंडावर बांधला. वरचा आकडा दोनशेच्या घरात निघाला. नणंदेने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि मग वहिनीच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"बाटलीत काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मिठाचं पाणी," नवरा म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलंच वाक्य होतं.

पुढचे काही दिवस हॉस्पिटलात गेले. तपासण्या झाल्या, फोटो निघाले. मग डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं, आणि सांगितलं ते मास्तरला पटेल असं सांगितलं. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून शरीरावरच उलटली होती. मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंती तिने सुजवल्या होत्या. भिंत जाड झाली की आतली वाट अरुंद होते. डाव्या हाताकडे जाणारी वाट जवळजवळ बुजली होती, म्हणून तिथे नाडी लागत नव्हती आणि आकडा खोटा येत होता. बाकी अंगात दाब भयंकर चढलेला, आणि तो कुणाला दिसलाच नव्हता. हृदयातून निघणारी सर्वांत मोठी वाहिनी, महाधमनी, तोंडाशीच सुजून फाकली होती. तिथली झडप आता नीट मिटत नव्हती. हृदयाने पुढे ढकललेलं रक्त थोडं थोडं मागे येत होतं, आणि तेच तेच रक्त पुन्हा ढकलून हृदय ताणून मोठं झालं होतं.

"झडप बदलावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग बदला. उद्या करा."

"उद्या नाही. आधी सूज उतरायला हवी. सुजलेल्या भिंतीत टाके घातले तर ते टिकत नाहीत. झडप बसेल, पण काही महिन्यांत कडेने उसवू लागेल."

मास्तर वाद घालायला पुढे झुकली होती ती मागे टेकली. उसवणं म्हणजे काय ते तिला कुणी शिकवायला नको होतं. कमजोर कापडात कितीही बारीक टाका घाला, दोरा टिकतो आणि कापड फाटतं.

"किती थांबायचं?"

"सूज पूर्ण निवेपर्यंत. गोळ्या जोरदार आहेत. चेहरा सुजेल, भूक लागेल, चिडचिड होईल."

"चिडचिड तर आधीपासूनच आहे," नवरा म्हणाला. डॉक्टरीणबाई हसल्या. मग गंभीर होऊन त्यांनी त्याच्याकडेच बघत सांगितलं, "एक लक्षात ठेवा. सूज जितकी लांबेल तितकं हृदय ताणत जाईल. फार ताणलं गेलं तर नंतर झडप बदलूनही उपयोग होणार नाही. गोळ्या चुकता कामा नयेत. कमी कधी करायच्या ते मी सांगेन."

उठताना मास्तरला कोट आठवला. कोटाचं अंग तेवढं आपण कापू, पण बाह्या ट्रायलनंतर, असं तिने सांगताच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी तुमचं काम, मग माझा कोट. पण बाह्या तुमच्याच दुकानात कापल्या गेल्या पाहिजेत हं."

घरी आल्यावर नणंद भेटायला आली आणि दारातच रडू लागली. "वहिनी, मी दर सोमवारी येत होते हो. एकदा तरी दुसरा हात मागायला हवा होता. आणि वर मीठ पाजलं तुम्हाला."

"डोळे पुसा वन्सं. हात मी दिला होता तुम्हाला, तुम्ही ओढून नव्हता घेतला. सगळ्या गावाचे दोन्ही हात मोजते मी, आणि स्वतःचा एकच पुढे केला. कात्री खाली ठेवायला नको म्हणून." ती हे हसत म्हणाली खरी, पण हे तिला फार लागलं होतं. त्या दिवशी टेबलाखालची बाटली तिने स्वतःच मोरीत रिकामी केली.

गोळ्या सुरू झाल्या आणि आठ-पंधरा दिवसांत मास्तरला नवी पालवी फुटली. कसर गेली, हात भरून यायचा थांबला, जिना एका दमात नाही तरी दोन दमांत चढता येऊ लागला. अर्धा दिवस दुकानात बसायची परवानगी मिळाली. पण चेहरा मात्र फुगत चालला. गाल वर आले, हनुवटी गळ्यात मिसळली, ब्लाउजचे हुक लागेनात. दुसऱ्यांचे कपडे बसवण्यात जन्म गेला त्या बाईला स्वतःचेच कपडे बसेनासे झाले. गिऱ्हाईकं म्हणायची, "तब्येत छान सुधारली हो मास्तर!" आणि ती टाचण्या दाताखाली चावायची.

मग तिने विचार केला. विचार कसला, हिशोब केला. सूज उतरली असणार, नाहीतर इतकं बरं कसं वाटतं? डॉक्टर गोळ्या कमी करणारच आहेत, ते आज ना उद्या. मापात थोडं कमी-जास्त करायचं तर मास्तरला कुणाला विचारावं लागतं का? तिने गोळी टेबलावर ठेवली आणि वडिलांच्या कात्रीने तिचे दोन तुकडे केले. अर्धी घेतली, अर्धी बटणांच्या डब्यात टाकली. काही दिवसांनी अर्धीचीही अर्धी केली. आपलं कटिंग कधी चुकत नाही, या बाबतीत तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पुन्हा संध्याकाळी अंग कोमट लागू लागलं. मानेच्या एका बाजूला दुखरी रेघ उठली. जिन्यातली पायरी पुन्हा बसायला बोलावू लागली. मास्तरने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. दमल्याचं कळू नये म्हणून जिन्यात थांबायची ती कठड्यावरची धूळ पुसायच्या निमित्ताने. तो कठडा इतका चकचकीत त्या घरात कधीच नव्हता.

नवऱ्याला कठड्यावरून कळलं नाही, कात्रीवरून कळलं. एका सकाळी दुकान झाडताना त्याचं लक्ष टेबलावर गेलं. कात्रीच्या पात्यावर, अगदी आतल्या बाजूला, पांढरी भुकटी होती. खडूची असेल म्हणून तो पुढे सरकला आणि थबकला. त्या आठवड्यात टेबलावर वाढप्यांच्या गणवेशाचं पांढरं कापड होतं. त्यावर आखायला मास्तर निळा खडू वापरत होती.

आयुष्यात दुसऱ्यांदा त्याने त्या कात्रीला हात लावला. भुकटी बोटावर घेऊन जिभेला लावली. कडू. मग काज-बटणाच्या कामाला म्हणून त्याने बटणांचा डबा उघडला. शिंपल्याच्या बटणांमध्ये गोळ्यांचे अर्धे आणि पाव तुकडे पडले होते, सगळे एका धारेत, अगदी सफाईने कापलेले.

डबा घेऊन तो जिना चढला. वर स्वयंपाकघरात मास्तर चहा गाळत होती. त्याने डबा ओट्यावर ठेवला आणि झाकण काढलं. तिने आत पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. नेहमीसारखं तो काही न बोलता खाली जाईल आणि मागच्या मागे काहीतरी निस्तरेल, असं तिला वाटलं. तो गेला नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "कटिंग चुकलंय."

वर, घरात, त्याने तिला कधी मास्तर म्हटलं नव्हतं. आणि हे वाक्य तर त्याने खालीही कधी उच्चारलं नव्हतं. मास्तरच्या हातातली गाळणी तशीच राहिली, चहा कपाबाहेर गळत गेला.

"मला बरं वाटत होतं म्हणून..."

"कॉलर आखूड झाली तर मला जोडता येते. हे मला जोडता येणार नाही." त्याचा आवाज चढला नव्हता, पण ओट्याची कड त्याने घट्ट धरली होती. "इतकी वर्षं मी गप्प बसलो. तुझा हात गार लागायचा तेव्हाही गप्प बसलो. तेव्हा नेट लावून धरलं असतं तर ही पाळी आली नसती. आता मी गप्प बसणार नाही. आज डॉक्टरांकडे जायचं, आणि मी सांगणार."

"तुम्ही सांगणार?" मास्तरने विचारलं. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"मी."

ती चिडली. कुणी उलटून बोललं की चिडायची सवयच होती तिला. तिने कप आदळला, चूल पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. तो जागचा हलला नाही. मग तिचे हात आपोआप थांबले. तिला पहिल्यांदाच भीती वाटली, आणि ती भीती मरणाची होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा ती वाटली नव्हती, यंत्रावरचा आकडा बघून वाटली नव्हती. नवरा इतकं बोलला तेव्हा वाटली. ती खुर्चीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. त्याने तिच्यापुढे पाणी ठेवलं, आणि त्या दिवशीची गोळी ठेवली. अख्खी.

हॉस्पिटलात तोच बोलला. डबा पिशवीतून काढून त्याने डॉक्टरीणबाईंसमोर ठेवला आणि किती दिवस, किती कमी, जेवढं त्याला समजलं होतं तेवढं सांगितलं. मास्तर शेजारी मान खाली घालून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. सूज परतली होती. हृदयाचा फोटो पुन्हा काढला. ते आधीपेक्षा किंचित मोठं झालं होतं.

"आता पुन्हा पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, आणि त्यांनी रागवावं असं मास्तरला फार वाटत होतं. "अजून वेळ हातातून गेलेली नाही. पण उरलाय तो थोडा आहे, तो फुकट घालवू नका."

ते पुढचे महिने मास्तरने काढले ते तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं, कारण त्यात करण्यासारखं काही नव्हतं. नुसतं थांबायचं होतं. मीठ बंद, कात्री बंद. गाल आणखी फुगले. गिऱ्हाईकं "तब्येत सुधारली" म्हणाली की ती आता सांगायची, "औषधाची सूज आहे. आतली उतरावी म्हणून बाहेर आलीय." गोळ्या नवरा देई, आणि ती त्याच्यासमोर गिळून तोंड उघडून दाखवी, शाळेतल्या पोरासारखी. दुकानात फक्त जुन्या कोटांची दुरुस्ती चालू होती. करड्या कोटाचं अंग तेवढं आधीच कापून, कच्च्या टाक्यांनी जोडून ठेवलं होतं. ते बिनबाह्यांचं हँगरला लटकलं होतं, आणि मास्तर स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत राहायची. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते तिला तिथे रोज दिसायचं. तरी ती वाकली नाही. "डॉक्टरांना दिलेला शब्द आहे," ती नवऱ्याला म्हणायची. "बाह्या लागल्याशिवाय मी कुठे जात नाही."

सूज उतरली. मग ती उतरलेली राहते का ते पाहण्यात आणखी काळ गेला. ती राहिली. हृदय ताणलेलंच होतं, पण हाताबाहेर गेलं नव्हतं. ऑपरेशन ठरलं.

ते करणाऱ्या सर्जनबाई आदल्या दिवशी भेटायला आल्या. काही विचारायचंय का, म्हणाल्या. मास्तरने विचारलं, "टाका कुठला घालणार?" त्या जरा गडबडल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं, झडपेच्या कडेने एकेक सुटा टाका, प्रत्येकाला वेगळी गाठ. मास्तरने मान डोलावली. "बरोबर आहे. धावदोरा घालू नका. एक सुटला की सगळा ओघळतो." आत नेताना तिने टेप नवऱ्याच्या गळ्यात अडकवला, आणि तो टेप घालूनच तो बाकावर दिवसभर बसून राहिला. नणंद शेजारी होती. दोघा भावंडांनी एकमेकांचा हात धरला होता, आणि दोघांनाही ते कळलं नव्हतं.

आत टाके धरले. भिंत उसवली नाही.

आजार काही कायमचा गेला नव्हता, तो नुसता निजला होता. गोळ्या कमी झाल्या तरी सुटल्या नाहीत, रक्त पातळ ठेवण्याची नवी गोळी आली, आणि डाव्या मनगटात नाडी पुढेही लागली नाही. पण मास्तर घरी आली. आरशासमोर उभी राहून तिने छातीवरची शिवण वरून खालपर्यंत निरखली आणि म्हणाली, "हात साफ आहे बाईचा." नव्या झडपेचा आवाज यायचा, टिक्‌ टिक्‌, शांत खोलीत ऐकू जाईल इतका. पहिल्या दिवशी तो ऐकून नवरा मशीनला तेल घालायला उठला होता.

छातीचं हाड जुळेपर्यंत हाताला जोर द्यायचा नव्हता. ती खाली दुकानात येऊन नुसती बसायची. एका सोमवारी दुपारी तिने करडं कापड टेबलावर मागितलं. दोन्ही बाह्या खडूने स्वतः आखल्या, उजवी आणि डावी, ट्रायलच्या वेळी घेतलेल्या दोन वेगळ्या मापांच्या. आखून झाल्यावर ती कापडाकडे बघत उभी राहिली. आखल्यावर थांबायचं नाही हा तिचा बाणा, आणि कात्री तर उचलायची नव्हती.

तेवढ्यात नणंद यंत्र घेऊन आत आली.

मास्तरने टेबलावरची कात्री नवऱ्याकडे सरकवली, मुठीची बाजू त्याच्या दिशेने. "कापा," ती म्हणाली.

"मी?"

"मग काय वन्सं कापणार?"

ती स्टुलावर बसली आणि उजवा हात मांडीवर उघडा ठेवला. नणंदेने पट्टा बांधला. नवऱ्याने कात्री उचलली. तिच्या वजनाने त्याचं मनगट खाली गेलं, मग सावरलं. पातं कापडात शिरल्याचा आवाज झाला, सावकाश, खडूच्या रेघेवरून. मास्तर तिकडे बघत नव्हती. ती यंत्राच्या आकड्याकडे बघत होती, आणि दुकानात मशीन बंद असल्यामुळे तिची टिक्‌ टिक्‌ तिघांनाही ऐकू येत होती.

"छान आहे वहिनी," नणंद म्हणाली. "अगदी बेताचा."

कात्री थांबली. नवऱ्याने कापलेली बाही दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढे धरली. "बघ ना. चुकलं असेल तर सांग."

मास्तरने बाहीवरून बोट फिरवलं, मुंढ्यापासून मनगटापर्यंत. मग नणंदेला म्हणाली, "पट्टा सोडू नका वन्सं, अजून एकदा बघा." आणि नवऱ्याला म्हणाली, "दुसरीही तुम्हीच कापा."